हाताला किरकोळ लागले आहे

(पोस्टकार्ड)
कनेरगाव नाका
दि. ११ डिसेंबर २०००

रा. रा. सोनाजी व्याही यांस शेषरावचा सप्रेम जयभीम.

पत्रास कारण की, आपली कन्या व आमची सून चि. सौ. शीतल हिच्या डाव्या हाताला लाकूड फोडताना किरकोळ लागले आहे. वाशीमला नेऊन टाके घालून आणले. काळजीचे कारण नाही. ढाब्याच्या धुरात जखम चिघळू नये म्हणून थोडे दिवस माहेरी पाठवीत आहे. चि. सुरज स्वतः आणून सोडील. ढाब्यावर गर्दी असल्याने मला येणे होणार नाही. सौ. पद्माबाईंना जयभीम सांगावा.

आपला,
शेषराव


शिरड शहापूर
दि. १६ डिसेंबर २०००

शेषराव इवाई,
जयभीम.

तुमचं कार्ड भेटलं. पोरगी आधी आली, कार्ड मागून आलं. आन् कार्ड आलं ते कसं आलं ते आधी ऐका. पोस्टमन ते स्टँडपसून वाचत आला. मी शेतातून घरी पोचायच्या आधी गल्लीतल्या बाया पद्माला विचारून राहिल्या होत्या, "शीतलचा हात तुटला म्हणे?" माझ्या लेकीच्या रक्ताची बातमी तुमी उघड्या कार्डावर लिहिता? आंतरदेशीय पत्र तुमच्या नाक्यावर भेटत न्हाई का?

आता दुसरं. तुमी लिहिता, किरकोळ. किरकोळ तुमी कशाला म्हणता? पोरीचा हात बोटापसून कोपरापर्यंत बांधलेला हाय. तिची वेणी पद्मा घालते. उजवा हात धुवायचा तर पाणी दुसऱ्यानं ओतावं लागतं. झोपेत कुशीवर वळली की कण्हते.

जावई आले, उंबऱ्यात पिशवी ठेवली आन् पाण्याचा घोट न घेता तसेच माघारी स्टँडवर गेले. पद्मा तांब्या घेऊन हाका मारत राहिली. पोरगी चौकटीला धरून पाहून राहिली होती. भांडण झालं का म्हणून विचारलं, तर न्हाई म्हणते. मंग लागलं कसं? तर म्हणते, लाकूड फोडताना. कशानं फोडत होतीस? तर म्हणते, सुऱ्यानं.

शेषराव, मला हसावं का रडावं कळंना. सुऱ्यानं कोणी लाकूड फोडतं? कुऱ्हाडीचं पातं जाड असतं, ते लाकडाला दोन्हीकडं रेटतं आन् लाकूड उकलतं. सुरा पातळ. तो आत घुसतो आन् बसतो अडकून. मंग त्याला काढाया जा, न्हाई तर वरून हाणा, तो कुणीकडं वळंल हे त्यालाच ठाऊक. माझ्या घरात तर तिनं असं कधी केलं न्हाई. तुमच्या घरी हे तिला कोणी शिकवलं?

तिथं त्या वक्ताला कोण होतं, काय झालं, मला बराबर लिहा. बंद पत्रात लिहा.

सोनाजी


कनेरगाव नाका
दि. २३ डिसेंबर २०००

रा. रा. सोनाजी व्याही यांस,
सप्रेम जयभीम.

आपले पत्र मिळाले. भाषा वाचून वाईट वाटले. जयंतीला स्टेजवर बसणारा माणूस आहे मी. मला असे पत्र आजवर कोणी लिहिलेले नाही.

पोस्टकार्ड का पाठवले, असे विचारता. आमच्या घरात लपवण्यासारखे काही नाही, म्हणून उघडे पाठवले.

सुऱ्याबद्दल लिहितो. आसामकडून माल घेऊन येणारा एक ट्रकवाला आमच्याकडे जेवायला थांबतो. त्याने खुशीने सुरजला हा सुरा दिला. हातभर लांब, चार बोटे रुंद, पाठ जाड. त्याने स्वतः करून दाखवले. लाकडावर सुरा ठेवायचा आणि त्याच्या पाठीवर दांडक्याने ठोकायचे. लाकूड काकडीसारखे दुभंगते. आमच्या कुऱ्हाडीचा दांडा उन्हाळ्यात मोडला, नवा घालायचा राहून गेला, तेव्हापासून आमची चूल याच सुऱ्यावर चालते. येणारेजाणारे थांबून पाहतात. तेव्हा तो सुरा वाईट, असे न पाहता म्हणू नये.

बारीक लाकडाला हरकत नाही, पण जाड ओंडक्याला तू हात लावू नकोस, असे मी शीतलला बजावले होते. तिने ऐकले नाही. सुरज किराणा आणायला वाशीमला गेला होता. मी पुढे गिऱ्हाइकापाशी होतो. ती एकटीच मागे गेली आणि बाभळीच्या गाठीत सुरा घालून बसली. ओरडणे ऐकून मी धावलो. मुलगी हट्टी आहे, हे आपल्यालाही ठाऊक असेल. त्यात सुरजला राग आला असेल आणि तो पाणी न पिता परतला असेल, तर त्याचे काय चुकले? बायकोने सांगितलेले ऐकू नये आणि नवऱ्याने रागावूही नये काय?

सुरजची आई गेल्यापासून ढाब्याचा सगळा स्वयंपाक शीतलच्या हाती आहे. तिच्या भाकरीसाठी ट्रकवाले वाट वाकडी करून येतात. सध्या ते येतात आणि भाकरी नाही म्हटल्यावर पुढे जातात. टाके निघाले की तिला पाठवून द्यावे.

शेषराव


शिरड शहापूर
दि. ३० डिसेंबर २०००

शेषराव,

इवाई म्हणून लिहायला हात उचलत न्हाई म्हणून नुसतं नाव लिहिलं.

काल हिंगोलीला जाऊन टाके काढले. डॉक्टरनं शीतलला मूठ वळायला सांगितली. तीन बोटं वळली. करंगळी आन् तिच्या शेजारचं बोट तसंच सरळ. डॉक्टर म्हणले, आतल्या शिरा तुटल्या होत्या, त्या जोडल्यात, पण बोटं पहिल्यासारखी होतील याचा भरोसा न्हाई. व्यायाम करत राहा, जेवढी वळतील तेवढी वळतील. पद्मा तिथंच बाकावर बसली खाली. आन् तुमाला भाकरीची पडली! माझ्या लेकीचा हात कसा हाय, हे तुमच्या एवढ्या लांब पत्रात एका ओळीतबी न्हाई. ट्रकवाले उपाशी जाऊन राहिले, हे हाय.

आता मी इचारतो त्याचं उत्तर द्या. तुमी म्हणता ती एकटी होती. बरं. उजव्या हातात सुऱ्याची मूठ. डाव्या हातात ठोकायचं दांडकं. मंग लाकूड कोणी धरलं? आन् दांडकं धरलेला हात तर वर असतो. त्या हाताच्या तळव्याला सुरा लागतो कसा? मी घरात लाटणं आन् ईळी घेऊन बसून पाह्यलं. पद्मा म्हणली, तुमी येडे झाले का. पण न्हाई बसत. कसंबी धरलं तरी न्हाई बसत.

तळव्याला वार एकाच तऱ्हेनं लागतो. समोरून कोणी हत्यार घेऊन आलं आन् माणसानं जीव वाचवाया हात आडवा केला, तर.

जावई पाणी न पिता काहून पळाले, हे आता माझ्या ध्यानात आलं. पोरगी तोंड उघडंना, तेबी ध्यानात आलं. भ्यायलीय ती.

मी तिला पाठवणार न्हाई. समाजाच्या चार माणसांपुढं सुरजला उभं करीन. तिथं न्हाई जमलं तर चौकीत जाईन. तुमच्या स्टेजवरच्या खुर्चीची मला पर्वा न्हाई.

सोनाजी


कनेरगाव नाका
दि. ६ जानेवारी २००१

सोनाजीराव,

आपले पत्र वाचून लगेच हे उत्तर लिहायला बसलो आहे. भीतीने नव्हे, संतापाने.

माझ्या मुलावर आपण बायकोला सुऱ्याने मारल्याचा आळ घेता? ज्या मुलाला ढाब्यावरची कोंबडी स्वतः कापवत नाही, दुसऱ्याला कापायला सांगून जो तोंड फिरवून उभा राहतो, त्याच्यावर? तो तर त्या वेळी गावातही नव्हता. किराणा दुकानदाराला विचारा. हे पत्र मी त्याला दाखवलेले नाही. दाखवले तर तो आपल्या दारात पुन्हा पाऊल ठेवणार नाही.

लाटणे आणि विळी घेऊन आपण घरात काय नाटक केले, त्याच्याशी मला कर्तव्य नाही. शेवटचे लिहितो. ती एकटी होती. आपला माझ्यावर विश्वास नसेल तर मुलीलाच समोर बसवून विचारा. ती माझ्या शब्दाबाहेर जाणार नाही. खोटे बोलणारी मुलगी नाही ती.

महिनाअखेरपर्यंत तिला पाठवले नाही, तर हा संबंध आपणच तोडला असे आम्ही समजू. पुढे सुरजचे आम्ही काय करायचे ते पाहू.

शेषराव


शिरड शहापूर
दि. १२ जानेवारी २००१

मामांना आणि बाबांना,
जयभीम.

हे पत्र मी दोनदा लिहिलं आहे, शब्दाला शब्द तोच. एक मामांना पोस्टानं आणि एक बाबांच्या हातात.

मामा, तुमचं सहा तारखेचं पत्र पोस्टमननं माझ्या हातात दिलं. बाबा शेतात होते. वर बाबांचं नाव होतं, पण अक्षर तुमचं होतं, म्हणून मी फोडलं. मग बाबा आल्यावर त्यांच्यापुढं ठेवलं आणि विचारलं, हे काय चाललंय? तुम्ही त्यांना काय लिहिलं? त्यांनी सगळं सांगितलं. महिनाभर तुम्ही दोघं माझ्या हातावरून भांडताय आणि मी याच घरात, बाबांच्या समोर, बोटं चोळत बसलेली आहे.

तर आता मी सांगते. मामा, तुम्हीच लिहिलंय ना, मुलीला विचारा, ती खोटं बोलणार नाही. बरोबर आहे.

त्या दिवशी दुपारी दोन ट्रक थांबले होते. चूल विझत आली होती आणि फोडलेलं लाकूड संपलं होतं. मागं बाभळीचा एकच ओंडका होता, मांडीएवढा, मधोमध गाठ. मी म्हणाले, "मामा, हे सुऱ्यानं होणार न्हाई. शेजारून कुऱ्हाड आणा." तुम्ही म्हणालात, "कुऱ्हाड काहून? सुरा हाय ना. तू नुसती धर, मी ठोकतो." ते दोन ड्रायव्हर खाटेवरून उठून पाहायला आले होते. त्यातला एक म्हणाला, याच्यानं एवढं मोठं फुटतं का? तुम्ही म्हणालात, पाहा तर.

मी उजव्या हातानं मूठ धरली आणि डाव्या हातानं ओंडका उभा धरला. बाबा, तिसरा हात तुम्ही शोधत होतात. तो मामांचा होता. त्यात कपडे धुवायची मोगरी होती.

पहिले ठोके चांगले बसले. पातं गाठीपर्यंत गेलं आणि अडकलं. मूठ माझ्या हातात हलायला लागली, आतला खिळा ढिला झाल्यासारखी. मी म्हणाले, "मामा, थांबा. हलून राहिलाय." तुम्ही म्हणालात, "एक ठोका अजून." मी पुन्हा म्हणाले, "मामा, थांबा." तुम्ही मारला. तो पात्याच्या पुढं आलेल्या टोकावर बसला. मूठ निखळून माझ्या हातात राहिली, पातं गाठीत आडवं फिरलं, ओंडका लवंडला आणि ज्या हातानं मी तो धरला होता, तो तळवा सरळ धारेवर गेला.

पुढचंही सांगते, कारण तेही खरं आहे. मामांनी खांद्यावरचा रुमाल माझ्या हाताला करकचून बांधला. रस्त्यावर आडवे होऊन जीप थांबवली. वाशीम येईपर्यंत माझा हात वर धरून बसले आणि सारखे म्हणत होते, "काय केलं मी, काय केलं मी." रडत होते. मला माझ्यापेक्षा त्यांचीच काळजी वाटायला लागली.

डॉक्टर टाके घालून गेल्यावर ते म्हणाले, "पोरी, सुरजला सांगू नको. तू एकटी होतीस म्हण. त्यानं मला त्या सुऱ्यापायी आधीच दोनदा टोकलं होतं. त्याची आई गेल्यावर तेवढाच हाय मला." मी मान हलवली. मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाची लाज राहिली तर माझं काय जातं.

मामा, किती गेलं ते आता पाहा. बसमध्ये हिंगोलीपासून शिरडपर्यंत सुरज मला बोलत आले. तू कुणाचं ऐकत नाहीस, आण्णांनी सांगूनही ऐकलं नाहीस, हात गेला असता म्हणजे? मी खिडकीबाहेर पाहत होते. तेवढंही मी गिळलं. आणि तुम्ही इकडं बाबांना काय लिहिता? हट्टी. बजावलं होतं. ऐकलं नाही. मी तुमच्यासाठी गप्प राहिले आणि माझ्या गप्प राहण्याचा तुम्ही पुरावा केलात! ती माझ्या शब्दाबाहेर जाणार नाही म्हणे. दोनदा थांबा म्हटलं तेव्हा तुम्ही माझ्या शब्दाला थांबला होतात का?

आता बाबा. तुम्ही माझ्या बाजूनं भांडलात, हे मला कळतं. पण मला दोन वेळा विचारलंत, मी बोलले नाही, आणि मग उत्तर तुम्हीच तयार केलंत. लाटणं घेऊन बसलात, विळी घेऊन बसलात. माझ्याजवळ येऊन नाही बसलात. माझ्या नवऱ्याला मारेकरी केलंत, चौकीची भाषा केलीत. उद्या पोलीस ढाब्यावर गेले असते, तर ते निस्तरायला कोण जाणार होतं? मीच ना? भ्यायलीय म्हणून लिहिलंत. मी भ्याले नव्हते. मी शब्द दिला होता.

मामा, हे पत्र सुरजना वाचून दाखवा. मी त्यांना वेगळं लिहिणार नाही. तुमच्या तोंडून त्यांना कळलं पाहिजे. आणि ज्यांना ज्यांना सून हट्टी म्हणून सांगितलंत, त्या सगळ्यांना. मला ठाऊक आहे तुम्ही सांगितलं असणार.

यापुढं दोघांनीही एकमेकांना माझ्याबद्दल एक अक्षर लिहायचं नाही. काही विचारायचं असेल तर मला विचारा. मला लिहिता येतं. उजवा हात चांगला आहे.

शीतल


कनेरगाव नाका
२४ जानेवारी २००१

प्रिय शीतल,

आण्णांनी तुझं पत्र तीन दिवस शर्टाच्या खिशात ठेवलं होतं. मला वाटलं, कुणाचं काय असेल. परवा संध्याकाळी गिऱ्हाईक कमी झाल्यावर मला म्हणाले, बस इथं. शेजारचे पंक्चरवाले भीमसिंगही चहाला आलेले होते. ते उठायला लागले तर आण्णा म्हणाले, तुम्हीबी बसा, तुमालाबी मी उलटंच सांगितलं होतं. चष्मा लावला आणि वाचायला लागले. "एक ठोका अजून" इथपर्यंत आले आणि थांबले. कागद माझ्या हातात दिला. उरलेलं मी वाचलं. मोठ्यानं वाचलं, तू म्हणाली होतीस म्हणून. बसमधलं माझं बोलणंही मलाच वाचावं लागलं.

त्यानंतर मी आण्णांशी बोललेलो नाही. ताट वाढतो, ते जेवतात. ते मागं धुणं धुतात, मी पुढं असतो. राग असा आहे की तो कुठं ठेवावा कळत नाही. मी त्यांना सांगितलं होतं, पातळ फाट्यांपुढं त्या सुऱ्याला नेऊ नका, मूठ हलते. पण सांगून मी मोकळा झालो. कुऱ्हाडीला दांडा घालायचा तो मीही घातला नाही. सुरा कौतुकानं सगळ्यांना दाखवत मीच फिरत होतो ना?

थोडा तुझाही राग आला, खोटं कशाला बोलू. तू मला का नाही सांगितलंस? मी तुला एवढं बोललो आणि तू ऐकून घेतलंस. मला थांबा तरी म्हणायचं होतंस. मग वाटलं, आमच्या घरात तू थांबा म्हटल्यावर थांबलंय कोण?

पातं मी भंगारवाल्याला दिलं. कुऱ्हाडीला सुताराकडून दांडा घातला. आता जाड लाकूड वखारीतूनच फोडून आणतो. उरलंसुरलं मीच फोडतो, ठोकळ्यावर उभं करून, आणि जवळपास कुणाला उभं राहू देत नाही.

तुझी बोटं कशी आहेत? तू कधी यायचं ते तू ठरव. नाही यायचं असं ठरवलंस तरी मला लिही. मी येऊन भेटेन. या वेळी थांबेन.

सुरज


शिरड शहापूर
दि. ११ फेब्रुवारी २००१

शेषराव इवाई,
जयभीम.

तुमाला शीतलबद्दल लिहायची मला बंदी हाय. म्हणून हे पत्र सुरजबद्दल समजा.

जावई येऊन दोन दिवस राहून गेले. मी त्यांना स्टँडवर घ्यायला गेलो होतो. मी त्यांच्याबद्दल तुमाला जे लिहिलं, ते त्यांना माझ्या तोंडानं सांगितलं. ते खाली पाहून ऐकत राहिले आन् म्हणले, "बाबा, तुमच्या जागी मी असतो तर मलाबी तसंच वाटलं असतं." लई चांगलं पोरगं हाय तुमचं. त्यांच्याबद्दल लिहिलेलं सगळं मी माघारी घेतो. त्या पत्राचा तुकडा उरला असंल तर चुलीत घाला.

तुमच्याबद्दल लिहिलेलं एक अक्षरबी माघारी घेत न्हाई. उलट कमीच लिहिलं.

पोरगी पुढच्या आठवड्यात येणार म्हणते. आमी राहा म्हणलो होतो. ती म्हणली, मला कोणी पाठवू नका आन् कोणी ठेवूबी नका. पद्मा म्हणली, खरं बोलून राहिली. म्हणून मी गप्प.

सोनाजी


कनेरगाव नाका
१८ मार्च २००१

प्रिय आई, बाबा,
जयभीम.

मी बरी आहे. डॉक्टरांनी सांगितल्यासारखं रोज कणकेचा गोळा मुठीत दाबते. करंगळीशेजारचं बोट थोडं वळायला लागलंय. करंगळी नाही. गार पाण्यात हात घातला की कोपरापर्यंत ठणका जातो.

भाकरी मला पहिल्यासारखी येत नाही. डाव्या हाताला कड धरवत नाही, ती फाटते. गावातल्या रुख्मिणीबाई सकाळ-संध्याकाळ येतात, त्या थापतात, मी तव्यावर टाकते आणि भाजते. पीठ मामा मळतात. मी सांगितलं नव्हतं. आल्याच्या दुसऱ्या दिवशी तेच परात घेऊन बसले. पहिल्या दिवशी पाणी जास्त झालं, रुख्मिणीबाई त्यांना वाट्टेल ते बोलल्या. त्यांनी वर पीठ घालून पुन्हा मळलं. आता जमतं त्यांना. सुरज त्यांच्याशी कामापुरतं बोलतात. मी मधे पडत नाही.

बाबा, तुम्ही विचारलं होतं, तुझे सासरे कसे वागतात. परवाची गोष्ट सांगते, त्यावरून तुम्हीच ठरवा.

पुनमचंद नावाचे एक ड्रायव्हर आहेत, पुसदकडचे. महिन्यातून एखादी खेप असते त्यांची. डिसेंबरात मी माहेरी होते तेव्हा ते येऊन गेले होते आणि मामांनी त्यांना आपलं तेच सांगितलं होतं. परवा ते जेवायला बसले. मी भाकरी वाढायला गेले तर माझ्या हाताकडं पाहून हसून म्हणाले, "वयनी, आता तरी हट्ट कमी करा. मोठ्या माणसाचं ऐकत जावं."

माझ्या अंगातून आग गेली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात आतून मामा आले. दोन्ही हात पिठानं भरलेले, तसेच. म्हणाले, "पुनमचंद, हट्ट तिचा नव्हता. माझा होता. ती दोनदा थांबा म्हणली. ठोका मी मारला. तुमाला मी खोटं सांगितलं होतं."

ढाब्यावर बरीच माणसं होती. सगळी जेवायची थांबली. पुनमचंदनी घास खाली ठेवला आणि विचारलं, "मंग तवा असं काहून सांगितलं, शेषराव?"

 मामांनी माझ्याकडं पाहिलं. आई, तीच नजर होती, दवाखान्यातली. तेव्हा मी मान हलवली होती. मी काहीतरी बोलावं, जाऊ द्या म्हणावं, आणि माणसं पुन्हा जेवायला लागावीत, एवढंच त्यांना हवं होतं.

मी बोलले नाही. जागची हललेही नाही. भाकरीची टोपली घेऊन तिथंच उभी राहिले.

 मग मामा खालच्या आवाजात म्हणाले, "भ्यालो होतो. पोराला भ्यालो. लोकांना भ्यालो."  मामा आत जाऊन पुन्हा परातीपुढं बसले. मी उरलेल्या पंगतीला भाकरी वाढली.

आईनं विचारलंय, तुझा राग गेला का. नाही गेला, आई. त्यांच्या हातचं पीठ रोज माझ्यासमोर असतं, तरी नाही गेला. जाईल तेव्हा जाईल. त्याची घाई आता मला कुणी करत नाही.

तुमची,
शीतल